सरावाच्या बातमीमागे लालबागपर्यंत

मुंबईहून परत आल्यापासून कराडात जो भेटतो तो विचारतो, राणीची बाग पाहिलीस का, चौपाटीवर भेळ खाल्लीस का? मी मान हलवून वेळ मारून नेतो. राणीच्या बागेत गेलोच नाही, आणि चौपाटी पाहिली ती पोलिसांच्या दोन गाड्यांच्या फटीतून. तेव्हा ज्यांना मुंबईची मजा वाचायची असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं लिखाण हुडकावं. मी मुळात भित्रा माणूस. घरात पाल पडली तरी शेजाऱ्याला हाक मारणारा. त्यातून मी गेलो ते संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती त्या थंडीत.

गिरगावातल्या एका कॉलेजानं बी. ए. झालेल्या मुलांसाठी वृत्तपत्रविद्येचा छोटा वर्ग काढला होता. बातमी कशी लिहावी, कशी छापावी, ती लोकांपर्यंत कशी पोचते, असं सगळं शिकवणार होते. मला छापल्या अक्षराचं लहानपणापासून वेड. लालबागला मामा होता, म्हणजे राहण्याची सोय झाली. आई मात्र तयार होईना. माझे वडील सांगलीला नोकरीवर असताना गेले आणि ते आईला तारेनं कळलं. तेव्हापासून तारवाल्याची सायकल गल्लीत दिसली तरी ती माजघरात जाऊन भिंतीला टेकून बसते. शेवटी ट्रंक भरून देताना म्हणाली, "दत्तू, पत्र नाही टाकलंस तरी चालेल. पण तार करू नकोस. चांगल्या बातमीचीसुद्धा नको. दुसरी तार मला सोसायची नाही."

दादर

स्टेशनवर मामाऐवजी शिवराम आला होता. मामाचा शेजारी, मामाच्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, काम करणारा, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा. मूळचा मालवणकडचा. माझी ट्रंक त्यानं न विचारता खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "चल रे संपादक, आधी काहीतरी पोटात टाकू."

त्यानं मला एका दुकानात नेऊन पीयूष पाजलं. मी आयुष्यात पीयूष पाहिलेलं नव्हतं. पिवळसर, दाटसर ताक समजून मी मालकाकडे मीठ मागितलं. मालकानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवाच्या प्रसादावर मिरची मागितली. शिवराम इतका हसला की ट्रंक बाकावरून खाली आली.

बाहेर रस्त्यावर मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. भिंतींवर "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" असं डांबरानं लिहिलेलं, खाली वाहून गेलेले काळे ओघळ. चौकात बंदुका घेतलेले शिपाई. कराडात शिपायाच्या हातात काठी असते आणि त्याच्या मुलीचं लग्न कुठं ठरलं हेही आपल्याला माहीत असतं. इथल्या शिपायांना जणू चेहरेच नव्हते.

लालबाग

मामाच्या चाळीत शिरताना माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मामीला वाटलं, आईच्या आठवणीनं आलं. खरं तर पलीकडच्या गल्लीत मिरच्या कुटत होते. तिथल्या माणसांना त्याचं काहीच वाटत नाही, मला आठवडाभर शिंका पुरल्या. खोली आमच्या न्हाणीघराएवढी, आणि त्यात माणसं इतकी की कूस बदलायची तर सगळ्यांनी एकदम. मामीचं पिठलं-भाकरी आपल्याकडचंच, पण शेजारून शिवरामची आई, गंगूकाकी, रोज वाटीभर काहीतरी आणून ठेवायची. कधी सुकटीची चटणी, कधी सोलकढी. एवढी माया परक्या मुलावर करतात हे मला नवं होतं. मी तिचा कोण? पण ती मला "झिला" म्हणायची, आणि त्यांच्या बोलीत झिल म्हणजे मुलगा.

संध्याकाळी चाळीच्या चौकात शिवराम सांजेचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा. आमच्याकडे पेपर न्हाव्याच्या दुकानात येतो, तोही दुसऱ्या दिवशी, आणि वाचणारा एकटा मनात वाचतो. इथं एक वाचणार आणि गॅलऱ्यांतून शेदीडशे माणसं ऐकणार. मधे कुणी खोकलं तरी दुसरे दटावत.

मी त्याला आमच्या टिपणीस मास्तरांचा नियम सांगितला. मास्तर म्हणजे जुने वृत्तसंपादक, गिरगावातल्या पिढीजात घरातले, धोतर आणि काळा कोट घालणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं, जे सर्वांत जड ते सर्वांत आधी. आग लागून तिघं मेले तर पहिलं वाक्य मेलेल्यांचं. आग कशी लागली ते नंतर.

शिवरामला हे काही पटलं नाही. "पेपरात ठीक आहे रे. इथं असं वाचलं तर? मी आधी सगळा पेपर स्वतःशी वाचतो. चाळीतल्या कुणाचं वाईट असेल तर ते वाचतच नाही. वर त्यांच्या खोलीत जातो. माणसाला बसवतो. मग सांगतो."

"आणि बसलं नाही तर?"

"आपण बस म्हटलं की माणसाला अर्धं कळतंच. उरलेलं सांगायला आपला जीव लागतो," तो म्हणाला आणि विडी पेटवून कामाला गेला.

गिरगाव

वर्ग पहिल्या मजल्यावर आणि खाली कॉलेजचा छोटा छापखाना. तिथं आम्ही खिळे जुळवायला शिकलो. शिशाची अक्षरं उलटी वाचायची, हात काळे करायचे, आणि आपणच लिहिलेल्या बातम्या पायानं चालवायच्या यंत्रावर छापायच्या. त्या एकपानी अंकाचं नाव मास्तरांनी "सराव" ठेवलं होतं. त्यात एक रीत होती. अपघात, मृत्यू, गोळीबार अशा सरावाच्या बातमीत नाव वर्गातल्याच मुलाचं घालायचं, पाळीपाळीनं. मास्तर म्हणत, "दुसऱ्याचं नाव मारताना हात सैल सुटतो. आपल्यातलं नाव असलं की हात थरथरतो आणि नीट लिहितो." सकाळी वर्गात शिरताना मुलं विचारायची, "आज कोण मरणार रे?" मग हसायचो.

त्या दिवशी पाळी माझी होती. बाहेर दोन दिवस खरा गोळीबार चालला होता, म्हणून मास्तरांनी विषयही तोच दिला. माझ्या वर्गमित्रानं नियमानं बातमी लिहिली: गिरगाव येथे आज झालेल्या गोळीबारात दत्तात्रय पिसाळ हा तरुण जागीच ठार झाला. तो मूळचा कराडचा असून लालबाग येथे मामाकडे राहत असे. मास्तरांनी त्याला शाबासकी दिली. मला मात्र दोरीवर वाळणारं ते ओलं पान बघवेना. मी दोनदा नजर फिरवली आणि दोनदा ती पुन्हा तिथंच गेली.

दुपारनंतर रस्त्यावर गलका झाला. खिडकीतून झणझणीत वास आला, डोळे झोंबायला लागले. मला खरंच वाटलं, गिरगावातही मिरच्या कुटतात. मास्तर ओरडले, "अश्रुधूर आहे, खाली बसा!" तेवढ्यात पळणारी माणसं आमच्या इमारतीत घुसली. छापखान्यात दोरीवर पानं लटकलेली त्यांनी पाहिली. त्या दिवशी कुठलाच पेपर वेळेवर मिळत नव्हता आणि बातमीसाठी माणसं भुकेली होती. कुणीतरी ओरडलं, "ताजा अंक! ताजा अंक!" मास्तर मधे पडून सांगत होते, "अहो, हा सराव आहे, सराव!" लोकांना वाटलं, ते पेपरचं नाव सांगताहेत. बघता बघता दोरी मोकळी झाली. पानं घेऊन लोक ज्याच्या त्याच्या वाटेनं उत्तरेकडे, भायखळा, लालबाग, परळकडे पांगले.

मला आधी काही सुचलं नाही. मग एकदम सुचलं. लालबाग. पानावर मामाचा पत्ता छापलेला नव्हता, पण कराडचा भाचा चाळीत एकच. मामा ते पान वाचणार, किंवा कुणीतरी त्याला वाचून दाखवणार, आणि मामा कराडला तार करणार. आई माजघरात भिंतीला टेकून बसलेली मला दिसायला लागली. मी जिन्याकडे धावलो, तर मास्तरांनी माझा दंड धरला. कर्फ्यू पुकारला होता. "आता बाहेर पडलास तर ती बातमी खरी होईल," ते म्हणाले.

रात्र त्यांच्या घरी काढली. त्यांच्या पत्नीनं वरणभात वाढला, पण मी पानावरून उठून खिडकीशी जाऊन बसलो.

वाटेवर

सकाळी बाजारहाटासाठी थोडा वेळ मोकळीक मिळाली. ट्राम, बस सगळं बंद. लॅमिंग्टन रोडनं चालायला लागलो. मुंबईचा रस्ता इतका रिकामा असू शकतो हे मुंबईकरांनाही पटणार नाही. सगळीकडे विटांचे तुकडे, चपला, एका ठिकाणी उलटा पडलेला केळ्यांचा हारा. लोक दुधासाठी घाईघाईनं जात होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मागून मोटारीचा आवाज आला की मी दुकानाच्या पायरीवर चढून फळीला चिकटून उभा राहायचो. पायाखालचा दगड घसरला तरी मला गोळी सुटल्यासारखं वाटायचं. मी रामाचं नाव घेत होतो, आणि मधेच आठवायचं की माणूस नेतानाही हेच नाव घेतात. मग बंद करायचो.

एका चौकात पोलिसांच्या गाडीनं अडवलं. साहेबानं माझे हात पाहिले. बोटं छपाईच्या शाईनं काळी.

"डांबर लावतोस भिंतींना?"

"नाही साहेब, शाई आहे. मी विद्यार्थी आहे."

"नाव?"

मला माझं नाव सांगवेना. नाव घेतलं की तिथंच काहीतरी होईल असं वाटलं. साहेबानं छडी हनुवटीखाली लावली तेव्हा कसंबसं म्हटलं, "दत्तात्रय पिसाळ. कराडचा."

मागे उभा असलेला हवालदार पुढं आला. त्यानं माझी बोटं हुंगली. "शाईच हाय साहेब. डांबराचा वास न्हाई." मग मला हळूच म्हणाला, "माझं घर उंब्रजला. घरी पळ लेका, न्हाईतर हकनाक मरशील."

सात रस्त्याच्या अलीकडे एका भिंतीपाशी दहापंधरा माणसं उभी होती. भिंतीवर खळीनं चिकटवलेला "सराव". माझ्या नावाखाली कुणीतरी कुंकू लावलं होतं आणि वर झेंडूचं फूल खोचलं होतं. एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून उभे होते. "कराडचं पोरगं होतं म्हणे," ते मला सांगू लागले. "आईबापांनी शिकायला धाडलं असंल."

मी तोच आहे, असं ओरडावं असं वाटलं. पण त्या डोळ्यांत जे होतं ते बघून धीर झाला नाही. पोलिसांचा माणूस म्हणून मला तिथंच तुडवलं असतं. मीही चप्पल काढली आणि हात जोडले. स्वतःलाच नमस्कार करून मी पुढं निघालो, आणि चिंचपोकळीच्या पुलापर्यंत मागं वळून पाहिलं नाही. जिवंत आहे की नाही हे बघायला मधेच स्वतःला चिमटा काढला. हे आता लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

पुन्हा लालबाग

चाळीच्या चौकात पाऊल टाकलं आणि नळावरच्या बायका घागरी टाकून मागं सरल्या. वर मामाच्या दारात गर्दी होती. मामी मधोमध बसून रडत होती आणि गंगूकाकी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला बघताच मामीनं किंकाळी फोडली आणि पहिल्यांदा माझ्या पायांकडे पाहिलं. भुताचे पाय उलटे असतात ना!

"मामी, सुलटेच आहेत," मी म्हटलं आणि मलाच रडू फुटलं.

गंगूकाकीनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "ह्यो जितो आसा गो! मेल्या, खय होतंस तू?" ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी धापा टाकत सगळं सांगितलं, आणि पहिलं विचारलं, "मामा कुठाय? तार केली का?"

मामी म्हणाली, "परळच्या इस्पितळात गेल्यात. डोळ्यांनी बघितल्याबिगर तार करायची न्हाई म्हणाले. तिथनं तसंच तार हापिसात जाणार हुते."

मी वळलो तशी गंगूकाकी मागून म्हणाली, "आणि शिवराम रे? तो काल सांजेक तुकाच शोधूक गेलो. ता पान वाचल्यान आणि तसोच गेलो, जेवलो पण नाय. गावलो नाय तुका?"

"चुकामूक झाली असेल काकी. कर्फ्यूत अडकला असेल कुठंतरी."

"होय, तसाच. मी पण रात्रभर अडाकलो आसतलो म्हणानच बसलंय." तिनं डोळे पुसले. "तू जा, मामाक आण. आल्यार तिळगूळ दितंय. सणाच्या दिसापासून ठेवलंय तुमच्या दोघांसाठी, तोंड गोड करूक कोणाक सवड गावली नाय."

परळ

इस्पितळाच्या मागच्या बाजूला माणसांची रांग होती. आत जाणारा ताठ जायचा आणि बाहेर येणारा दोन प्रकारे यायचा, त्याकडे बघून रांगेतल्यांना कळायचं. औषधाचा उग्र वास आणि त्याखाली दुसरा एक वास. मी फाटकाच्या गजाला धरून उभा राहिलो. मामा रांगेत दिसेना. म्हणजे बघून झालं, म्हणजे तार हापिस. मी रस्त्याकडे धावणार तोच तो दारातून बाहेर आला.

त्यानं मला पाहिलं. जवळ आला, आधी कानाखाली वाजवली आणि मग मला असा आवळला की माझा श्वास कोंडला.

"मामा, तार?"

"न्हाई केली. समदी बघितली एकएक करून. तू न्हवतास." त्याचा आवाज आनंदाचा नव्हता. त्यानं माझा खांदा सोडला नाही. "दत्तू, तू न्हवतास. पर आपला शिवराम हाय आत."

मला ते नाव कळलं पण वाक्य कळलं नाही. काल संध्याकाळी, भायखळ्याच्या बाजूला, गोळी छातीत लागली होती, असं मामाला आतल्या माणसानं सांगितलं होतं. खिशात घडी केलेलं छापील पान सापडलं. मामानं ते मला दाखवलं नाही, मीही मागितलं नाही. बातमी खरी झाली होती, फक्त नाव चुकलं होतं.

आम्ही परत निघालो. कर्फ्यूची वेळ होत आली होती आणि लोक धावत होते. पण मला आता गाडीच्या आवाजाची भीती वाटत नव्हती. चाळीचा जिना जवळ येत होता, त्याची वाटत होती.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर मामा बसला. "माझ्यानं न्हाई व्हायचं. ती सकाळधरनं तुझ्या मामीला धीर देतीय." मग वर न बघता म्हणाला, "तू शिकलायस. तू सांग."

मी वर गेलो. पहिलं वाक्य तयार होतं. ते आपोआपच तयार झालं होतं, मास्तरांच्या नियमानं, नाव, गाव, जागा, सगळं जिथल्या तिथं. मला माझीच शिसारी आली. गॅलरीत गंगूकाकी उभी होती, हातात छोटा डबा. माझं तोंड बघायच्या आधीच तिनं माझा हात धरून तळव्यावर दोन वड्या ठेवल्या. "घे झिला. तिळगूळ घे आणि गोड बोल."

शाईनं काळवंडलेल्या माझ्या हातावर त्या दोन वड्या होत्या. पहिलं वाक्य मी तिथंच सोडून दिलं. शिवरामचा तो चौकातला आवाज कानात आला, आणि मी एवढंच म्हणालो,

"काकी, आधी बसा."

ती बसली नाही. खाली पायरीवर बसलेल्या मामाकडे तिनं वाकून पाहिलं. मग माझ्या तळव्यावरच्या दोन्ही वड्या तिनं एकएक करून उचलल्या, डब्यात परत ठेवल्या आणि झाकण लावलं.

"आता सांग," ती म्हणाली.